निळ्यांसाठी वाजवलेल्या टाळ्या

१० जानेवारी

काल हरलो. लिही — हरलो. रंगवून लिहू नकोस.

मी बोलते आणि यानिल्दा, माझी सून, लिहिते. मला अक्षर येत नाही. अंगठा मात्र सुरेख उठतो. सकाळच्या कॉफीनंतर तिचे हात थोडा वेळ मोकळे असतात, तेवढ्यात उरकायचं. ती मधेच हसते. ते लिहायचं नाही.

हरलो म्हणजे बेसबॉलमध्ये, आम्ही हिरवे. जिंकले राजधानीचे निळे. आणि निळे जिंकले की माझ्या शेजारी नेरेइदा अशी बसते, जणू सगळे चेंडू तिनंच मारलेत. आमच्या अख्ख्या सान पेद्रो गावात, समुद्रापासून साखर कारखान्यापर्यंत, माणसं हिरवी, कुत्रीसुद्धा हिरवी. ही एकटी निळी टोपी घालून स्टेडियमात मिरवते. लग्न होऊन राजधानीतून इकडे आली तेव्हाची ती टोपी. म्हणते, माहेर सोडलं, आईच्या हातचं जेवण सोडलं, एवढं नाही सोडलं.

"फेमा, रडतेस की काय?"

"शेंगदाण्याचं मीठ गेलं डोळ्यात."

"शेंगदाणे अजून घेतलेच नाहीत, बाई."

पूर्वी मधे आमचे दोन नवरे बसायचे आणि कडेला आम्ही. मग एक गेला, मग दुसरा. सरकत सरकत आम्ही शेजारी आलो.

१३ जानेवारी

जिंकलो. नेरेइदा म्हणे पंच आंधळा होता, तुझ्या नवऱ्यासारखा. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला दिसायचं सगळं. बघायचा नाही, एवढंच.

१६ जानेवारी

काल सामना चालू असताना तिनं सांगितलं. चेंडू टाकणारा पिचर बदलत होते, मैदानावर नुसत्या येरझारा चालल्या होत्या. ती शेंगा सोलत होती.

"रादामेसचे कागद झाले."

रादामेस तिचा मुलगा. एकुलता एक. प्रॉव्हिडन्स म्हणून गाव आहे अमेरिकेत, निम्मी वस्ती आमचीच आणि वर बर्फ. तिथे कुठल्याशा इमारतींचे बॉयलर सांभाळतो.

"कसले कागद?"

"माझे. तिकडे राहायला त्यानं काढलेले. सीझन संपला की ये म्हणतो. कायमची."

मी म्हटलं, "जा की. मासळी बर्फात चांगली टिकते."

ती हसली. मीही हसले. तेवढ्यात कुणीतरी चेंडू असा उडवला की सगळं स्टेडियम उभं राहिलं. आम्ही दोघीच बसून होतो. चेंडू कुठे पडला, मला आजही ठाऊक नाही.

१९ जानेवारी

फायनल ठरली. हिरवे आणि निळे. देवाला दुसरं काही सुचत नाही.

आणि काल या बयेनं पैज लावली. चारचौघांत. "निळे जिंकले तर मी जाते. हिरवे जिंकले तर राहते." म्हटलं, अगं, हे काय खेळणं आहे? तर हात पुढे करून बसली. मी चेष्टेनं हात दिला. आणि मागे चिचो उभा होता.

चिचो शेंगदाणेवाला. त्याच्या कागदी पुड्या आणि त्याची जीभ, दोन्ही खारट. त्यानं टोपली खाली ठेवली आणि आमच्या हातांवर आपला हात ठेवला. "लागली!" झालं. आमच्या स्टेडियमात तिसऱ्याचा हात पडला की पैज लागली. मग ती चेष्टेत होती, झोपेत होती, पिऊन होती, काही चालत नाही. चिचोनं हात ठेवला म्हणून आमच्या गल्लीतल्या न्हाव्यानं एकदा वर्षभर मेहुण्याला आजोबा म्हटलंय.

घरी येताना टॅक्सीत दोघी गप्प. ड्रायव्हरनं विचारलं, कुणी गेलं का.

२१ जानेवारी

नेरेइदाकडे केळी द्यायला गेले. दार उघडंच होतं. ती आतल्या खोलीत आरशापुढे उभी, अंगात कोट. लांब, राखाडी, आत लोकर भरलेला. रादामेसनं पाठवलाय. बाहेर ऊन असं की डांबर मऊ झालेलं, आणि ही घामानं निथळत, इकडे वळ, तिकडे वळ. आणि हसत होती.

मी केळी उंबऱ्यावर ठेवली आणि परत आले.

यानिल्दा विचारते, हाक का नाही मारली. लिही तू.

२२ जानेवारी

विचार केला. तिला जायचंय. मला वाईट वाटू नये म्हणून पैजेच्या आड लपलीये. मुलगा एकच, तिचं वय हे असं, गुडघे तसे. कुणी म्हणेल, मैत्रिणीला एका चेंडूनं बांधून ठेवलं. नाही ठेवायचं.

निळ्यांना जिंकू दे. मी हे बोलले, आणि यानिल्दाचं पेन थांबलं. लिही म्हटलं!

२४ जानेवारी

फायनलचा पहिला सामना, आमच्याच मैदानावर. मी निळ्यांसाठी टाळ्या वाजवल्या.

सोपं नाही ते. पहिली टाळी तर कणीक थापल्यासारखी वाजली. हातांना कळेचना. त्यांच्या एका ढेरपोट्यानं चेंडू दूर मारला, दोन जण धावून होम बेसवर आले, म्हणजे दोन धावा, आणि मी — "शाब्बास" म्हणाले. मोठ्यानं. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

चिचो आला. मोठ्या बायांना तो मानानं दोन्या म्हणतो. "दोन्या फेमा, ताप आहे का?"

"तू शेंगदाणे वीक."

"विकतोच आहे. पण तुमच्या नवऱ्याच्या कबरीतून आवाज आला, म्हणून विचारलं."

नेरेइदाची टीम पुढे, आणि ही तोंड पाडून बसलेली. पुढे आमच्या एका पोरानं, चेंडू मारायची वाट न बघता धावून, पुढचा बेस चोरला. धूळ उडवत, पोटावर घसरत गेला. ही ताडकन उभी राहिली. मला वाटलं बाथरूमला निघाली. तर तशीच परत बसली.

निळे जिंकले. मी तिचा हात धरला, म्हटलं, अभिनंदन. तिनं तो सोडवून घेतला.

२५ जानेवारी

सामना राजधानीत. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या टीव्हीवर बघत होतो, अर्ध्यात वीज गेली. सगळी गल्ली दुकानदाराला शिव्या देते, जणू त्यानंच तारा कापल्या. आपण जिंकलो असं बेकरीतल्या रेडिओवरनं कळलं. मी म्हटलं, अरेरे. लोक बाजूला सरकले.

२८ जानेवारी

कधी हे जिंकतात, कधी ते. काल पुन्हा आमच्याकडे. काल भांडलो.

त्यांचे सगळे बेस भरलेले होते आणि त्यांचा सर्वांत दांडगा बॅट घेऊन आला. मी टाळ्या वाजवत होते. हळूहळू मला जमायलाही लागलं होतं. नेरेइदा वळली. टोपीखालून डोळे असे, की माझे हात हवेतच राहिले.

"कुणासाठी चाललंय हे?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी, की मी टळावं म्हणून?"

"मी काय केलं? कोट घालून आरशापुढे कोण नाचत होतं?"

"रादामेसनं फोटो मागितला होता!"

"मग हसत का होतीस?"

"फोटोत रडतात का गं, भवाने?"

मग मी उलट तिलाच धरलं. "आणि तू? आमच्या पोरानं बेस चोरला तेव्हा उभी का राहिलीस? परवा होम रन मारला तेव्हा 'चल माझ्या राजा' कोण म्हणालं? मला ऐकू येत नाही वाटतं?"

"पायाला मुंगी चावली होती."

"हिरवी होती वाटतं मुंगी."

तिनं पिशवी उचलली आणि गेली. सामना चालू असताना! नवरा इस्पितळात होता तेव्हाही ही शेवटच्या चेंडूपर्यंत थांबली होती. त्यानंच थांबवली होती, स्कोअर सांगायला ये म्हणून.

हिरवे जिंकले. मी घरी आले. बेरीज बरोबरीत — आता एकच सामना उरलाय.

२९ जानेवारी

सकाळी नेरेइदा मागच्या दारानं आली. भांडण झालं की ती मागच्या दारानं येते. यानिल्दानं कॉफी दिली आणि बाहेर गेली, शहाणी आहे. हे मी नंतर सांगितलं तिला.

बराच वेळ साखर ढवळत होती. साखर घेत नाही ती.

"मला जायचं नाही, फेमा."

"मग सांग त्याला."

"कसं सांगू? थंडीत रांगा लावल्या त्यानं त्या कागदांसाठी. माझ्यासाठी खोली रंगवलीये. निळी. दर रविवारी फोन करतो, म्हणतो, मम्मी, आता थोडेच दिवस. त्याला नाही म्हणायला मला तोंड नाही. वाटलं, चेंडूनंच म्हणावं नाही. पैजेला कुणी आई वाईट म्हणत नाही."

"म्हणून हिरव्यांसाठी देव पाण्यात ठेवलेस?"

"सांता मार्तापुढे मेणबत्ती लावली. हिरवी. दुकानात मुद्दाम मागून घेतली. माझा बाप वर बसून थुंकला असेल."

तेव्हा मी हसले. मग ती. मग दोघींनी पदराला नाक पुसावं तसं टेबलक्लॉथला पुसलं. टेबलक्लॉथ यानिल्दाचा आहे. तिला आत्ता कळतंय.

म्हणजे मी तिला जाऊ देण्यासाठी निळी झाले, आणि ती राहण्यासाठी हिरवी झाली. आणि दोघी शेजारी बसून, आपापलीच टीम पाडत होतो. दोन म्हाताऱ्या, चार गुडघे, अक्कल शून्य.

३१ जानेवारी

शेवटचा सामना. सगळं सांगते, सावकाश लिही.

ठरलं होतं, दोघींनी हिरव्यांसाठी ओरडायचं. तिनं टोपी पिशवीत ठेवली. डोकं उघडं, केस पांढरे. इतक्या वर्षांत स्टेडियमात तिचे केस मी पहिल्यांदा बघितले. मी इतकी ओरडले की घसा बसला. तीही ओरडत होती, पण परक्या भाषेतलं गाणं म्हणावं तसं, अर्ध्या श्वासानं.

शेवटची इनिंग. आम्ही एका धावेनं पुढे. त्यांचा एक माणूस बेसवर, आणि बॅटिंगला तोच ढेरपोट्या. नेरेइदानं माझं मनगट धरलं. मी मनातल्या मनात सगळे संत मोजले.

मारला त्यानं. आवाजच सांगतो. चेंडू दिव्यांच्या वर गेला, कुंपणापलीकडे. दोन धावा, निळे पुढे.

आणि ही बया उभी. दोन्ही हात वर. "गेला! गेला!" पिशवीतून टोपी कधी काढली, डोक्यावर कधी घातली, कुणी बघितलं नाही. अख्ख्या हिरव्या स्टँडात एकटी निळी उड्या मारतेय. गुडघे विसरली. तोंड असं उजळलेलं, जशी लग्नाची नवरी. जन्मभराचं ते. दोन दिवसांत कसं जाणार?

मग तिला आठवलं. हात तसेच वर राहिले, आणि चेहरा खाली आला.

आमच्या पोरांनी प्रयत्न केला. शेवटचा तर बॅट फिरवून स्वतःभोवतीच फिरला. संपलं. निळे चॅम्पियन. ती टोपी हातात घेऊन बसली होती.

चिचो आला. शेंगा संपल्या होत्या, टोपली डोक्यावर उलटी.

"दोन्या नेरेइदा, काय हे? जिंकलात आणि रडता?"

मी म्हटलं, "गाढवा, तूच हात ठेवलास ना? आता जावं लागतंय तिला."

"का जावं लागतंय?"

"पैज!"

तो आमच्याकडे असा बघायला लागला, जशा आम्ही आत्ताच जन्मलो. "पण पैज जिंकलं कोण? त्याच जिंकल्या. जिंकणाऱ्याला माफ करता येते पैज. हरणाऱ्याला नाही येत. आत्ता तिकडे एकानं मिशी हरली, तर दुसरा म्हणाला, राहू दे, मिशीशिवाय तुला घरात कोण घेणार. दोन्या नेरेइदा, तुम्ही हरला असतात, तर बसावंच लागलं असतं इथे. आता तुमची मर्जी."

तो गेला. आम्ही बसून राहिलो. झाडूवाल्या खाली आल्या तरी बसून.

"म्हणजे आता मलाच सांगावं लागणार," नेरेइदा म्हणाली.

"हो."

"हरले असते तर बरं झालं असतं."

"मग उड्या कशाला मारल्यास?"

तिनं टोपी परत घातली.

१ फेब्रुवारी

नेरेइदानं फोन केला नाही. डोकं दुखतंय म्हणे.

२ फेब्रुवारी

केला. माझ्या स्वयंपाकघरातून, माझा हात धरून. "बाळा, मी येत नाही. मला इथेच बरं आहे." फोनचा आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होतं. मग रादामेस म्हणाला, मम्मी, मला वाटायचं तुला एकटं वाटतं, म्हणून मी... मग म्हणाला, इथे बॉयलरशी बोलतो मी, मम्मी. मीच आलो तर?

नेरेइदानं फोन माझ्या हातात कोंबला आणि अंगणात जाऊन उभी राहिली. मीच सांगितलं त्याला, ये. पुढच्या सीझनला स्टेडियमचं तिसरं तिकीट काढते. पण निळी टोपी घालून माझ्या शेजारी बसायचं नाही, एक पुरे आहे.

हसला. मग बराच वेळ जे ऐकू आलं, ते हसणं नव्हतं.