चौथा बुरूज आणि येवल्याचे पाहुणे

मु. पो. पिंपळदरा, ता. सिन्नर
मे १९७८

तीर्थस्वरूप दाजींस,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. अक्काच्या गुडघ्यांना आराम असेल, मंदाची शिवणाची परीक्षा पार पडली असेल आणि नाशिक रोडच्या तुमच्या दोन खोल्यांत नळाला पाणी येत असेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती विचाराल, तर ती तुमच्या गढीने खाल्ली.

मंदाला पाहायला येवल्याचे पाहुणे रविवारी येणार, आणि तेही इथे गावीच येणार, कारण ‘आमची चार बुरुजांची गढी आहे’ असे तुम्ही त्यांना सांगून बसलात. (चार! निदान एखादा तरी कमी सांगायचा होतात.) बदली होऊन मी तुमच्या गावच्या शाळेत आलो, तुमच्याच घरात राहतो, म्हणून गढी राखायची मी आणि तिचा इतिहास सांगायचाही मीच!

तो इतिहास गोळा केला. तुमच्या खापरपणजोबांनी गढी बांधली. खाली काळा दगड, वर पांढरी माती. आसपासची गावे तिच्या धाकात होती. पुढे इनाम गेले, कुळकायद्यात शेते कुळांकडे गेली, दगड विहिरीला लागले आणि दरवाजा मारुतीच्या देवळाला. पुंजाबाबा सांगतात, गढीवर लुटारू चालून आले तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी ती राखली. नवसाबाई सांगते, चालून आले ते तिचे पूर्वज. (दोघेही अभिमानाने सांगतात.) पाहुण्यांपुढे यातले काय सांगू?

आता बुरूज. गावातली घरे धाब्याची, सपाट मातीच्या छपरांची, हे तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळा सरत आला की बायका टोपल्या घेऊन गढीवर जातात आणि तिथली पांढरी माती आणून धाब्यावर पसरतात. ती घातली की थेंब गळत नाही. असे करता करता तीन बुरूज गावाने संपवले. चौथा मी राखतो आहे. शाळेला सुट्टी, म्हणून सकाळपासून छत्री उघडून त्याच्या पायथ्याशी बसतो. काल नवसाबाई आली. मी म्हटले, बाई, हा ऐतिहासिक ठेवा आहे. ती म्हणाली, “आसंल ठेवा, पन तुमच्या इतिहासानं माझं घर गळायचं थांबतं का? सरका तिकडं.” मी सरकलो नाही. तिने माझ्या पाठीमागून टोपली भरली. संध्याकाळी आमची लंकाबाईच टोपली घेऊन आली. नवरा पहाऱ्यावर असताना बायकोने असे करावे? तिला परत पाठवले, तेव्हापासून माझ्या आमटीत मीठ नाही.

दाजी, राग येतो तो तुमच्या बढाईचा. मंदा माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली भाची. जमत आलेले तिचे लग्न मातीच्या एका ढिगापायी मोडले, तर मला जन्मभर सलेल. म्हणून रविवारपर्यंत या बुरुजाची टोपलीभर मातीही हलणार नाही, हा माझा शब्द समजा.

आपला,
गोरक्ष

ता. क. पत्र टाकायला निघालो तोच वळवाची सर आली आणि घर गळले. (घर तुमचे, आणि गळते नेमके बैठकीत, जिथे पाहुण्यांना बसवायचे आणि मंदाने पोह्यांच्या बशा आणायच्या, तिथेच.) बुरुजाची थोडी माती घ्यावी म्हणतो. परवानगी असावी.

आणखी ता. क. परवानगी सावकाश पाठवली तरी चालेल. सर थांबल्यावर लंकाबाई, नवसाबाई आणि गल्लीतल्या बायकांनी माती वर चढवली. टोपल्या मी भरून दिल्या. थोडी थोडी म्हणता बुरूज संपला. आता मंदाच्या डोक्यावर थेंब पडणार नाही. पाहुण्यांनी गढी कुठे म्हणून विचारले, तर त्यांना वर पाहायला सांगा.