फिल्ममधली बोटं

३ नोव्हेंबर
कोहमाऱ्याला आलो, मी आणि माझी सहा वर्षांची लेक टीना. हायवेवरच्या नव्या खासगी दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी. मशीन नवंकोरं, खोली हवेशीर, खिडकीतून ढाब्याच्या फोडणीचा वास. टीना खूश, मीही खूश. पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवलं, माझी फिल्म दुसऱ्यांदा काढावी लागत नाही. फुशारकी म्हणा हवं तर.

६ नोव्हेंबर
सौंदडचे दुलीचंद धानकापणी टाकून आले. चार दिवस घास गिळताना छातीत कळ. काही अडकलंय का बघायला डॉक्टरांनी आधी छातीचा एक्स-रे सांगितला. फिल्मवर, जठराच्या जरा वर, पाच बोटांची हाडं. नातेवाईक पेशंटला धरून ठेवतात आणि त्यांचा हात फिल्ममध्ये येतो. दुलीचंदांच्या बायकोला, शामकलाबाईंना, चांगलंच फैलावर घेतलं. त्या म्हणाल्या, "मी त बाहीर उभी होती, बाई. कायले धरीन?"
पुन्हा काढली. बोटं छातीच्या मध्यावर. तिसऱ्यांदा काढली, गळ्याशी. डॉक्टर म्हणाले, मशीनचा दोष.

७ नोव्हेंबर
कंपनीचा माणूस येऊन गेला. मशीनमध्ये काही दोष नाही म्हणतो.

८ नोव्हेंबर
टीना वरणभात गिळताना रडते. डॉक्टर रजेवर, म्हणून मीच फिल्म काढली. एकटीला उभं केलं. कुणी धरलं नव्हतं. तरी बोटं आहेत, जठराच्या जरा वर. विश्वास बसेना, आणखी एक काढली. छातीच्या मध्यावर.

दुपारी
शामकलाबाई आल्या. दुलीचंद काल गेले. दर फोटोनंतर ते बाईंना म्हणत होते, "वर सरकून राहिलं." मी ओरडले होते म्हणून बाईंनी मला सांगितलं नाही. तीन फिल्म काढून त्यांना मीच मारलं. आणि टीनाच्या दोन झाल्या. तिसरी नाही. देवा, तिसरी नाही.

९ नोव्हेंबर, गोंदिया
मोठा दवाखाना. हात जोडले, फोटो काढू नका म्हणाले. डॉक्टर म्हणतात, फोटोशिवाय इलाज कसा करायचा? नर्स म्हणते, मॅडम, आप तो खुद टेक्निशियन हो. फॉर्मवर सही केली नाही. करणार नाही.

टीना कुठे — नर्स बाथरूमला नेते म्हणाली होती —

एक्स-रेच्या खोलीत मशीनचा आवाज. एकदाच.

हसत आली. म्हणते, आई, आता दुखत नाही. आ करून दाखवते —

जिभेमागे नखं — बोटं पुढे आली, खालचे दात धरून — टीना, तोंड मिट, मिट गं, तोंड —