झोपाळ्याच्या कड्यांना टांगलेली बूम

१२ जून ८४, मंगळ.
आमच्या बोटीची बूम घरात आली. दहा फुटांची सागवानी काठी, जिन्याच्या वळणावर वळेना. शेवटी फ्रान्सिसने दोर बांधून गॅलरीतून तिसऱ्या मजल्यावर ओढून घेतली. अख्खी बिल्डिंग बघायला. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "एवढा मोठा पडदा लावणार?" शिडाचा खालचा काठ या काठीवर बसतो हे सांगायचाही कंटाळा आला. हो म्हटलं.

मार्चमध्ये झटका आला, डावा हात-पाय गेला, तेव्हापासून मी खाली उतरलेलो नाही. चोपन्न पायऱ्या. फ्रा.ला म्हटलं, आता मलाही असंच दोराने खाली सोड. तो हसला. नलू हसली नाही; बायकोला असली चेष्टा चालत नाही.

१४ जून
झोपाळा काढला, त्याच्या कड्यांना बूम टांगली. एक टोक स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला टेकतं. ती चौकट म्हणजे डोलकाठी. येणारा-जाणारा वाकून जातो. संध्याकाळी नलू झोपाळ्यावर बसून भाजी निवडायची, ती आता जमिनीवर बसली.  मी विषय काढला नाही.

१७ जून, रवि.
फ्रा. आला. बोट दांड्याच्या किनाऱ्यावर वाळूत, ताडपत्रीखाली. ठीक आहे म्हणाला. मग चहा संपवला, आणि एकदम: "मस्कतचं काम झालं रे. नारळी पौर्णिमा झाली की जातो."

दहा वर्षं एका खात्यात काम केलं, बोट दोघांनी मिळून घेतली, आणि हे असं चहाबरोबर. अभिनंदन केलं. मनापासून नाही.

जाताना म्हणाला, "नारळी पौर्णिमेच्या आत ठरव. तुला एकट्याला जमणार असेल तर तसं करून देतो. नाहीतर देऊन टाकू कुणालातरी. नुसती पडून सडेल ती, यार."

१९ जून
वारा वाढला की शीड लहान करावं लागतं, नाहीतर बोट आडवी. आमची जुनी तऱ्हा: बूमच गोल फिरवायची, शीड चटईसारखं तिच्यावर गुंडाळतं. मी हँडल फिरवणार, फ्रा. डोलकाठीशी उभा राहून वरचा दोर, म्हणजे शीड चढवायचा, सोडत जाणार. दोन माणसं लागतात. शिवाय हँडलच्या चक्राचे दात झिजलेत, मध्येच सटकतं.

दुसरी तऱ्हा: शिडालाच खालच्या काठाच्या थोडं वर भोकं पाडायची. वरचा दोर सोडून शीड थोडं उतरवायचं, पुढचं भोक बूमवरच्या आकड्यात अडकवायचं, मागच्या भोकातला दोर खेचून खुंटीला आवळायचा, की वरचा दोर पुन्हा ताणायचा. सगळे दोर मागे बसायच्या जागेपर्यंत आणले तर एक माणूस करू शकतो. पण एका हाताने?

मला एकट्यालाच जायचंय. तीन महिने कुणी ना कुणी माझा दंड धरून आहे. संडासच्या दारापर्यंत. जीव गुदमरतो.

२७ जून
शिडाऐवजी निळी चादर; नलूने तिला काजं करून दिली. वरचा दोर दारावरच्या झरोक्याच्या गजावरून पलीकडे स्वयंपाकघरात उतरतो, उंबऱ्यापाशी कप्पीतून फिरून माझ्या खुर्चीपर्यंत. पहिला प्रयत्न: नऊ मिनिटं, अर्धा वेळ दोर दातात. दुसऱ्याला दोर सुटला आणि चादर डोक्यावर. मार्चनंतर नलू पहिल्यांदा मोठ्याने हसली. मी ओरडलो. उगाच ओरडलो.

८ जुलै, रवि.
फ्रा.ने पंखा फुल्ल सोडला, वर चादर धरून गदागदा हलवली. "हा वारा समज." सहा मिनिटं. वरच्या दोराचे खुंटीला तीन फेरे मारण्यातच वेळ जातो.
"सहा मिनिटांत माशांनी खाल्लं तुला."
खरं आहे. तरी राग आला.

१६ जुलै
चार मिनिटं. एकदम कसं? आज घाईत खुंटीला एकच फेरा मारला, तरी दोर धरून राहिला. तीन फेऱ्यांची गरजच नाही.

२२ जुलै
अडीच!! लागोपाठ पाचदा. झकास. हात बसला. ड्रॉइंग केलं: चक्र काढून टाकायचं, खुंट्या सगळ्या मागे, दोराला एक फेरा पुरेसा. त्याच आनंदात नलूला धरून अठरा पायऱ्या उतरलो आणि चढलो.

२९ जुलै, रवि.
नलू ड्रॉइंग घेऊन दांड्याला फ्रा.कडे गेली. घरात मी एकटा. म्हटलं दोन मिनिटांवर आणू.
दोर सुटला. पुन्हा सुटला. सात वेळा. एका फेऱ्यावर तो धरतच नाही.

ती परत आली ती भिजून. चप्पल काढायच्या आत विचारलं, "आतून दोर तू धरतेस?"
"हो."
"कधीपासून?"
"पंधरा दिवस झाले. तुमचा हात सुटायला लागला की धरते. भाजी परतता परतता."
"सांगायचं नाही?"
"विचारलंत कुठे?"

वाट लागली. मी शीड बांधत होतो आणि पलीकडून ही मला सांभाळत होती. इथेसुद्धा.

२ ऑगस्ट
चार दिवस अबोला. माझ्याकडून. ती जेवण वाढते, औषध देते, बूमखालून वाकून जाते. चादर तशीच लोंबतेय. मी पाहत बसतो. या खोलीत दुसरं पाहायला काही नाही.

७ ऑगस्ट
आज तीच बोलली. त्या दिवशी फ्रा.ने तिला वाळूवरच बोटीत चढवलं, डोलकाठीशी उभं केलं, दोर हातात दिला. "खुंटीला हातच पोचेना माझा. त्या ताडमाड फ्रान्सिसच्या मापाची लावलीय तुम्ही."
मी म्हटलं, आता कुणाच्याच मापाची लागत नाही, बोट द्यायचीच आहे.
"बरं," म्हणाली आणि कणीक मळायला घेतली.

१० ऑगस्ट, शुक्र.
उद्या पौर्णिमा. सकाळी सातला फ्रा. बूम न्यायला येतो, त्याच्या हातात कागद द्यायचाय: खुंट्या मागे, की वरच्या दोराची खुंटी डोलकाठीलाच, आणि किती उंचीवर, की बोट द्यायची.

दुपारी काठी टेकत दारापर्यंत गेलो, चादर सोडवायला. चौकटीवर पेन्सिलची रेघ. नवी. नलूच्या खांद्याच्या उंचीला. टेप लावली: चार फूट एक इंच. कागदावर लिहिली नाही. रेघ पुसलीही नाही.

आतून तिचा आवाज: "पाणी किती खोल असतं हो तिथे?"
"दोन पुरुष. पुढे जास्त."
"बरं."

तिला पोहता येत नाही. मला यायचं.
कागद अजून कोराच आहे.