'सेला'पाशी थांबायचं

प्रिय धातोबा,

हे नाव मी तुला ठेवलं तेव्हा तू आठवडाभर फुगून बसला होतास. पण दुसरं काय म्हणणार? कुठलाही हिब्रू शब्द हाती आला की त्याची सालं काढत काढत तू मुळाशी, त्या तीन अक्षरांच्या धातूपर्यंत पोचायचास. तोवर चहा गार. मी शाळेत कविता शिकवणारा, बायबलातल्या स्तोत्रांच्या भाषांतराला लय यावी म्हणून बोलावलेला. तू मला यमक्या म्हणायचास. फिट्टंफाट.

छापखान्यावरची ती खोली अजून डोळ्यांसमोर आहे. खाली यंत्राची धडधड, वर आपल्या दोघांची. 'नेफेश'वरचं भांडण आठवतं? मी 'आत्मा' लिहून मोकळा झालो होतो. तू खेकसलास, अरे, आत्मा नंतरचा, आधी गळा! घास जातो, श्वास जातो तो गळा, त्यावरून पुढे जीव. माणूस बुडतोय, पाणी गळ्याशी आलंय, आणि तुझा आत्मा कोरडा ठणठणीत! मी म्हटलं, मग 'प्राण कंठाशी आले' म्हण की. माझी आजी म्हणायची, ती काय हिब्रू शिकली होती? तू चष्मा काढून उगाच पुसत बसलास. तुझ्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाली नसेल.

आणि तो 'सेला'. स्तोत्रांत मध्येच येऊन उभा राहणारा. कुणी म्हणे थांबा, कुणी म्हणे सूर चढवा. तू सगळे कोश पालथे घातलेस आणि शेवटी म्हणालास, यमक्या, याचा खरा अर्थ कुणालाच ठाऊक नाही, याला हात लावायचा नाही. तसाच छापला. पण तपासणीसाठी मी मोठ्यानं वाचायचो, तेव्हा 'सेला' आला की तू बोट वर करायचास आणि मी गप्प व्हायचो. तूही गप्प. फक्त खालचं यंत्र. बोट खाली आलं की पुढची ओळ. जन्मभर कविता म्हणत आलो, पण कुणाशेजारी गप्प बसण्यातलं सुख मला त्या खोलीत कळलं.

परवा तुझ्या लेकीचा फोन आला. काका, अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांना सगळं कळतं, पण शब्द फुटत नाही. कुणी आलं की भिंतीकडे तोंड फिरवतात. तुमचं नाव काढलं तर जोरात मान हलवली, नको म्हणून. मला कळतं रे. शब्दांची मुळं खणणाऱ्याला पाणी मागता येऊ नये, आणि ते यमक्यानं बघावं! हे पत्र तीच तुला वाचून दाखवेल, म्हणून सरळ सांगतो. गुरुवारी सकाळी येतोय, आपली जुनी प्रत घेऊन. गप्पा मारायला नाही, वाचायला. 'सेला' आला की थांबेन. उजवा हात उचलवत नाही म्हणे. डावं बोट चालेल. तोंड खुशाल भिंतीकडे ठेव. मी बोटाकडे बघत असेन.

तुझाच,
यमक्या