रूप एकाचं, विष दुसऱ्याचं

लॉर्ड्सबर्ग, न्यू मेक्सिको

आई,
आधी हे वाच: आपला एलादिओ सुखरूप आहे.

सोमवारी कुंपण दुरुस्त करताना त्याला खुळखुळ्या साप चावला. "माळावरच्या जातीचाच आहे गं, पाय सुजेल फार तर," असं तोच म्हणाला. पण पाय जेमतेम सुजला आणि पापण्या मात्र मिटू लागल्या, जीभ जड झाली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईही आधी चक्रावल्या. म्हणाल्या, "रूप माळावरच्याचं, विष वाळवंटातल्याचं, थेट नसांवर जाणारं. इथे दोन्ही जातींचा संकर होतो."

विषावरचं औषध दिल्यावर डोळे उघडले. म्हणतो कसा, "तायडे, तू दोन दिसतेस. एकीला घरी घेवडा शिजवायला पाठव!" मला हसू की रडू कळेना.

साप ओळखायला तूच शिकवलंस. आता कुठल्या खुणेवर भरवसा ठेवू? तुझ्या कोंबड्यांपाशी साप दिसला, तर ओळखत बसू नकोस. आधी लांब हो.

तुझी,
झेनाइडा