पेल्याची शीग

मोनाली,

बिरसीच्या बाईला फोन करून लग्नाची ऑर्डर परत करू नको. काल अनारसे तेलात हसले, विरघळून पसरले, त्यात तुझ्या हाताचा दोष नाही. दोष माझ्या सांगण्याचा आहे.

मी सांगितलं, पेलाभर पिठाला पेलाभर गूळ. तू पेला काठोकाठ भरून काट्यावर ठेवला. पीठ एकशे पंचेचाळीस ग्रॅम, गूळ एकशे साठ. त्याच हिशोबानं सगळं मळलं. पण आपल्या घरी तांदूळ असो की पीठ, सपाट कधी मोजत नाही. वर शीग लागते, पेल्यावर टेकडी उभी राहते. हे माझ्या हाताले ठाऊक होतं, तोंडातून निघालंच नाही. गूळ मात्र मी काठापर्यंतच घेते.

आज उठून शीग लावून तोललं. पीठ बरोबर दोनशे! म्हणजे किलोभर पिठाला आठशे ग्रॅम गूळ. उरलेल्या गोळ्यात तेवढं पीठ वाढवून सहा अनारसे तळले. एकही हसला नाही, काय जाळी पडली बाई! जीव भांड्यात पडला माझा.

काल तू म्हणाली, "आई, मले नाही जमत." त्याच्या आधीच मी बचत गटातल्या चौघींना सांगून आली होती, "सुनेच्या हाताले गुणच नाही."

दोन अनारसे झाकून ठेवले आहेत, चहासोबत खा. बाकीचे चार घेऊन मी आत्ता त्या चौघींच्या घरी जाऊन राहिली आहे. ज्या तोंडानं बोलली, त्याच तोंडानं सांगून येते.

— आई