बापाला धन्यवाद कसले?

ता. ६ ऑगस्ट, रविवार, दुपारी

तीर्थरूप आबा,

नमस्कार. आईलाही माझा नमस्कार सांगा.

पत्र बघून म्हणाल, याला फोन करायला काय झालं? शाळेत चार ओळी लिहायच्या म्हटलं की माझ्या पोटात दुखायचं, हे तुम्हाला माहीत आहे. पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल.

काम चांगलं आहे. हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. एकेक चादर एवढी मोठी की घडीला दोघं लागतात. माझा जोडीदार लंबू. एकमेकांकडे चालत जायचं, टोकं जुळवायची, मागे यायचं, दिवसभर हेच. लंबू म्हणतो, "इतक्या वेळा मी बायकोच्या जवळ जात नाही." हे आईला वाचून दाखवू नका.

मध्ये लॉन्ड्रीच्या फोनवर वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, "भावजी, जादू केलीत! तुमचा मेसेज आला की आबा मुकाट्याने बीपीची गोळी घेतात. डॉक्टर थकले, आम्ही थकलो." मला काही कळेना. मी कसला मेसेज पाठवतो? पण फुकटचं कौतुक कोण सोडतो? म्हटलं, "मग! मुलगा कुणाचा आहे?"

आबा, ते मेसेज माझे नव्हते. इथल्या दवाखान्यातलं यंत्र पाठवतं. "आज गोळी घेतलीत का? घेतली असल्यास १ पाठवा." त्यात ना माणसाचं नाव असतं ना आजाराचं, दुसऱ्या कुणी वाचलं तर पेशंटला लाज नको म्हणून.

पेशंट मी आहे. मला टीबी झालाय.

लगेच आईला हाक मारू नका, आधी पुढचं वाचा. पूर्ण इलाज केला तर हा आजार बरा होतो. फोनवर सांगितलं असतं तर मध्येच खोकला आला असता, आणि आईने तो ओळखला असता.

नाव लिहून घेताना नर्सबाईंनी नंबर विचारला. माझा मोबाईल तेव्हाच पॅन्टच्या खिशातून धुलाईच्या ड्रममध्ये जाऊन आला होता. स्वच्छ झाला, पण मुका झाला. मला पाठ फक्त तुमचा नंबर. तोच सांगून टाकला. वाटलं, लिहिण्यापुरता घेतात. मेसेज तुमच्याकडे यायला लागले आणि तुम्हाला वाटलं, नव्या नंबरवरून मीच तुमच्या गोळीची चौकशी करतोय.

गोळ्यांनी ताप गेला, भूक लागायला लागली. पण मळमळायचं फार, म्हणून बरं वाटल्यावर मी त्या सोडून दिल्या. कुणी विचारायला आलं नाही. कसं येईल? तिकडून तुम्ही रोज १ पाठवत होता.

मग एक दिवस घडी घालताना ढास लागली आणि पांढऱ्या चादरीवर लाल ठिपका पडला. लंबू म्हणाला, "ओठ फुटला का रे?" मी हो म्हटलं. त्याने माझ्या ओठांकडे नीट पाहिलं, चादर परत धुवायला टाकली आणि मला दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

नर्सबाई भडकल्या. "रोज एक पाठवतोस, मग रक्त कसं पडतं?"

"मी कुठे काय पाठवतो?"

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "मग हे कोण?"

तुम्ही होता, आबा.

"१. घेतली. जेवलास का?"

"१. आईचा गुडघा आता बरा आहे."

यंत्राचं उत्तर ठरलेलं, "धन्यवाद. आपले उत्तर नोंदवले आहे." त्यावर तुम्ही, "बापाला धन्यवाद कसले? साहेब झालास का?" नर्सबाईंना हसू आवरेना. लंबू हसला, रांगेतली माणसं हसली, मीही हसलो. मग खालचं वाचलं. "१. कामात असशील. जमेल तेव्हा दोन शब्द स्वतःचे लिही." पुढे मला वाचवेना.

थुंकी तपासून आली. त्याच गोळ्या चालतील म्हणाले, पण सगळं पहिल्यापासून. लंबूने मला खिडकीजवळची जागा दिली आहे आणि स्वतः दुसऱ्या खोलीत झोपतो. डबा मात्र आणून देतो, वर शिव्याही देतो.

आता दवाखान्याने नंबर बदललाय. यंत्र मला विचारेल, तुम्हाला काही येणार नाही. मग तुम्ही गोळी सोडाल, हीच भीती आहे. म्हणून उद्यापासून मीच विचारणार, लंबूच्या जुन्या फोनवरून. नंबर अनोळखी दिसेल. आधी माझी गोळी घेईन, मग तुम्हाला लिहीन. तुम्हीही घेतली असेल तरच हो म्हणा. रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण गोळी घेऊन.

मुकादमाने दुसऱ्या शहरात जास्त पगाराचं काम काढलं होतं, मी निघणारच होतो. काल त्याला नाही म्हणून सांगितलं. कुठे टिकत नाही म्हणून तुम्ही मला किती बोललात. आबा, या वेळी इलाज संपल्याशिवाय हलत नाही.

आईला तुम्हीच सांगा. मला जमत नाही.

इथेच थांबलेला,
तुमचा धाकटा